आवाजाचे नावगाव

पूर्वी पुष्कळ गावांना वेस असे आणि दिवेलागणीनंतर वेशीचा दरवाजा लावून घेत. रात्री उशिरा एखादा वाटसरू येऊन दार ठोठावू लागला, की आतून राखणदाराचा पहिला प्रश्न येई, "कोण आहे?" त्यावर "मी आहे" एवढे उत्तर पुरत नसे. "मी म्हणजे कोण? नाव काय? गाव कोणते?" अशी विचारपूस झाल्यावाचून अडसर निघत नसे. राखणदाराचे काय चुकले? अंधारात माणूस दिसत नाही, ऐकू येतो तो केवळ त्याचा आवाज. म्हणूनच न दिसणाऱ्या आवाजाला नावगाव सांगावे लागते.

मुलांनो, नभोवाणीचा आवाजही असाच अंधारातून येतो. बोलणारा कोठे बसला आहे, तो कोण आहे, हे ऐकणाऱ्याला दिसत नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरी सकाळी रेडिओ लावला, की गाणे किंवा बातमी ऐकू येण्यापूर्वी निवेदक केंद्राचे नाव सांगत असे. त्या वेळी मला वाटे, हे रोज रोज कशाला सांगायचे? सर्वांना ठाऊकच आहे! त्या सांगण्यामागे केवढा इतिहास आहे, हे मला पुढे कळले. तोच आज तुम्हांला सांगावयाचा आहे.

बिनतारी संदेशाचा उपयोग प्रथम मुख्यतः आगबोटींना झाला. भर समुद्रात शेकडो बोटी एकाच वेळी संदेश पाठवू लागल्या, तेव्हा कोणाचा संदेश कोणता, हे कळेनासे झाले. म्हणून १९०६ साली बर्लिन येथे अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि प्रत्येक बोटीला व किनाऱ्यावरील प्रत्येक केंद्राला तीन अक्षरांची खूण असावी, असा नियम त्यांनी केला. ह्या खुणेला इंग्रजीत 'कॉल साइन' म्हणतात. आपण तिला संकेताक्षरे म्हणू.

ही अक्षरे किती मोलाची आहेत, हे १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जगाला कळून आले. 'टायटॅनिक' नावाची प्रचंड बोट अटलांटिक महासागरात हिमनगावर आदळली. बोटीवरील बिनतारी यंत्र चालविणाऱ्यांनी मदतीची हाक देण्यास आरंभ केला. त्या हाकेबरोबर ते आपल्या बोटीची संकेताक्षरे, एम-जी-वाय, आणि बोट कोठे आहे तो ठावठिकाणा पुनः पुन्हा कळवीत होते. 'कार्पाथिया' नावाच्या बोटीने ती हाक ऐकली. अक्षरांवरून कोणती बोट संकटात आहे ते तिला कळले. ती त्वरेने तिकडे वळली आणि सातशेहून अधिक माणसांचे प्राण तिने वाचविले. नुसतेच "वाचवा, वाचवा" असे ऐकू आले असते, तर कोण कोठे धावणार होते?

पुढे ह्याच विद्येच्या साहाय्याने मनुष्याचा बोलका आवाज आणि गाणे दूरवर पाठविता येऊ लागले. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात के-डी-के-ए ह्या केंद्राने २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षांच्या निवडणुकीचे निकाल लोकांना ऐकविले. त्या देशात मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील केंद्रांची नावे 'डब्ल्यू'ने आणि पश्चिमेकडील केंद्रांची 'के'ने सुरू व्हावीत, अशी सर्वसाधारण रीत पडली. पिट्सबर्ग पूर्वेला असूनही त्याचे आद्याक्षर 'के' राहिले, हा अपवाद होय. काही मालकांनी तर ह्या अक्षरांतून आपली जाहिरात साधली. शिकागोच्या एका व्यापारी पेढीने १९२४ साली आपल्या केंद्रासाठी डब्ल्यू-एल-एस ही अक्षरे घेतली. 'जगातील सर्वांत मोठे दुकान' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे होत!

आता आपल्याकडे वळू. मुंबईत ऑगस्ट १९२१ मध्ये एका वृत्तपत्राने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने गाण्याचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांनी तो पुण्यास बसून ऐकला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ह्या शहरांतील हौशी मंडळींनी रेडिओ क्लब स्थापन केले व लहानशा यंत्रांवरून कार्यक्रम सुरू केले. कलकत्त्याच्या क्लबाची खूण ५-ए-एफ अशी होती. आरंभी आकडा आणि पुढे अक्षरे, अशी त्या काळची पद्धत होती.

२३ जुलै १९२७ हा आपल्या नभोवाणीच्या इतिहासातील मोठा दिवस होय. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'च्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. त्या केंद्राचे नाव होते ७-बी-वाय. शहराचे त्या वेळचे इंग्रजी नाव 'बॉम्बे'. त्याचे पहिले अक्षर 'बी' आणि शेवटचे 'वाय' असल्यामुळे ही खूण लोकांच्या ध्यानात सहज राहण्यासारखी होती. २६ ऑगस्ट रोजी कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले, त्याची खूण ७-सी-ए. मुंबईचे केंद्र ३५७.१ मीटर लांबीच्या लहरीवर बोले, तर कलकत्त्याचे ३७०.४ मीटरच्या लहरीवर. ज्यांच्याजवळ यंत्र होते, त्यांस वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावा लागे. यंत्रे महाग होती आणि परवाने घेणारे थोडे होते. त्यामुळे कंपनीचा खर्च निघेना व मार्च १९३० मध्ये तिचे काम संपुष्टात आले. १ एप्रिलपासून सरकारने दोन्ही केंद्रे आपल्या हाती घेतली.

ह्याच सुमारास संकेताक्षरांची सर्व जगभर नव्याने वाटणी झाली. १९२७ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत प्रत्येक देशाला आरंभीची अक्षरे ठरवून देण्यात आली. फ्रान्सला 'एफ', इटलीला 'आय', जपानला 'जे'. आणि हिंदुस्थानच्या वाट्याला व्ही-टी पासून व्ही-डब्ल्यू पर्यंतची अक्षरे आली. जणू जगातील सर्व आवाजांना आडनावेच मिळाली! त्यांपैकी व्ही-यू ही अक्षरे आपल्या नभोवाणी केंद्रांकडे गेली आणि मुंबईचे ७-बी-वाय हे व्ही-यू-बी झाले. कलकत्ता व्ही-यू-सी झाले. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्ली केंद्र सुरू झाले, ते व्ही-यू-डी. त्याच वर्षी ८ जून रोजी ह्या संस्थेस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. पुढे मद्रासला व्ही-यू-एम, लाहोरला व्ही-यू-एल, तिरुचिरापल्लीला व्ही-यू-टी अशी नावे लाभली. लखनौचे आद्याक्षरही 'एल'च. पण ते लाहोरने आधीच घेतले असल्याने लखनौला 'डब्ल्यू'वर समाधान मानावे लागले. मुंबईहून लघुलहरींवर कार्यक्रम सुरू झाल्यावर त्यांना व्ही-यू-बी-२ असे म्हणू लागले. एकाच घरातील धाकट्या भावंडासारखेच ते होते.

ह्या प्रत्येक खुणेमागे सरकारचा परवाना होता. परवान्यावाचून आवाज आकाशात सोडणे हा गुन्हा होता. परंतु १९४२ साली मुंबईत असा एक आवाज उठला, की ज्याच्याजवळ परवाना नव्हता आणि संकेताक्षरेही नव्हती.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे महात्मा गांधी आणि इतर पुढारी पकडले गेले. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. देशात काय चालले आहे, हे लोकांना कोण सांगणार? व्ही-यू-बी तर सरकारचेच होते. अशा वेळी उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी इत्यादी सोबत्यांच्या साहाय्याने गुप्त नभोवाणी केंद्र उभारले. डॉ. राममनोहर लोहिया ह्यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस हा आवाज लोकांच्या कानी पडू लागला.

मुलांनो, ह्या केंद्राने आपली ओळख कशी करून दिली, ते नीट लक्षात घ्या. हा काँग्रेस रेडिओ आहे, तो ४२.३४ मीटरवर बोलत आहे आणि हिंदुस्थानात कोठून तरी बोलत आहे, अशा अर्थाची घोषणा प्रथम होई. नाव सांगितले, लहर सांगितली. गाव मात्र सांगितले नाही. गाव सांगावे, तर पोलीस दाराशी येणार! यंत्र एका जागी फार दिवस ठेवण्याची सोय नव्हती. पोलिसांच्या गाड्या आवाजाचा माग काढीत शहरात फिरत. म्हणून ही मंडळी वरचेवर जागा बदलीत आणि यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवीत. चिमूर आणि आष्टी ह्या विदर्भातील गावांत झालेल्या अत्याचारांची हकीकत, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, अशा दडपलेल्या वार्ता ह्या केंद्राने देशाला ऐकविल्या. कार्यक्रमाचा शेवट 'वंदे मातरम्'ने होई.

खोटे नाव घेऊन बोलणे त्यांना अशक्य नव्हते. सरकारी केंद्राचे नाव लावून लोकांना चकविता आले असते. निनावी राहूनही बोलता आले असते. परंतु ज्याला खरे सांगावयाचे आहे, त्याने आपले नाव लपवू नये, हे त्यांनी ओळखले होते. गाव लपविले ते कार्य चालू राहावे म्हणून. नाव सांगितले ते लोकांचा विश्वास बसावा म्हणून.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्रावर छापा घातला आणि उषा मेहता पकडल्या गेल्या. महिनेन् महिने त्यांची चौकशी झाली. परंतु त्यांनी सोबत्यांपैकी कोणाचेही नाव उच्चारले नाही. न्यायालयात, उत्तर देण्याचे आपणांवर बंधन आहे काय, असे त्यांनी न्यायाधीशांना विचारले. बंधन नाही असे कळताच, मी एकाही प्रश्नाचे उत्तर देणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. रोज रात्री आपल्या केंद्राचे नाव साऱ्या देशाला सांगणारा आवाज, सोबत्यांची नावे विचारताच मुका झाला! त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगातून १९४६ साली त्या सुटल्या. पुढे त्यांनी मुंबईत अध्यापनाचे कार्य केले. १९९८ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मविभूषण' देऊन गौरविले. २००० साली त्यांचे निधन झाले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याचबरोबर त्याची फाळणीही झाली. ऑल इंडिया रेडिओच्या नऊ केंद्रांपैकी सहा भारतात राहिली. लाहोर, पेशावर आणि ढाका ही तीन पाकिस्तानात गेली. भावांची वाटणी झाली म्हणजे घरातील भांडीकुंडीही वाटली जातात. तशीच येथे अक्षरेही वाटली गेली. पाकिस्तानला ए-पी पासून आरंभ होणारी नवी अक्षरे मिळाली. भारताने मात्र आपली जुनीच अक्षरे चालू ठेवली.

ती अक्षरे आजही तुम्हांला पाहावयास मिळतील. विमानतळावर उभ्या असलेल्या भारतीय विमानाकडे निरखून पाहा. त्याच्या अंगावर व्ही-टी ही अक्षरे व त्यांपुढे आणखी तीन अक्षरे रंगविलेली असतात. व्ही-टी हे आपल्या वाट्याला आलेल्या त्याच अक्षरांपैकी होत. हौशी बिनतारी मंडळींची संकेताक्षरे आजही व्ही-यूनेच सुरू होतात. अंदमान-निकोबार बेटांची खूण व्ही-यू-४ अशी आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्या बेटांवर सुनामीच्या प्रचंड लाटा आदळल्या आणि दूरध्वनी बंद पडले, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे गेलेल्या अशाच हौशी मंडळींच्या एका तुकडीने रात्रंदिवस निरोप पोहोचविले. 'आमची माणसे सुखरूप आहेत काय?' ह्या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांना त्या अक्षरांच्या मागून आलेल्या आवाजानेच दिले.

मुलांनो, आज प्रत्येकाच्या हाती असे यंत्र आहे, की त्यावरून आपला शब्द क्षणार्धात हजारो लोकांपर्यंत जातो. त्यासाठी परवाना लागत नाही आणि अक्षरेही लागत नाहीत. पुष्कळदा एखादी वार्ता आपल्याकडे येते. ती कोणी लिहिली, कोठून आली, ह्याचा पत्ता नसतो. तरीही आपण ती पुढे ढकलतो. अशा वेळी वेशीवरच्या त्या राखणदाराची आठवण करावी आणि आधी विचारावे, "कोण आहे? नाव काय? गाव कोणते?" आणि आपण स्वतः बोलू, तेव्हा ज्या शब्दाखाली आपले नाव घालण्याची लाज वाटणार नाही, असाच शब्द बोलावा.

स्वाध्याय

१. वेशीवरचा राखणदार आणि नभोवाणी ऐकणारा श्रोता ह्यांच्यांत लेखकाने कोणते साम्य दाखविले आहे?
२. मुंबई केंद्राची संकेताक्षरे कशी बदलत गेली, ते क्रमाने लिहा.
३. कारणे द्या : (अ) लखनौ केंद्राला 'एल' हे अक्षर मिळाले नाही. (आ) इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे काम संपुष्टात आले.
४. 'गाव लपविले ते कार्य चालू राहावे म्हणून. नाव सांगितले ते लोकांचा विश्वास बसावा म्हणून.' ह्या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : ठावठिकाणा, निक्षून सांगणे, माग काढणे, संपुष्टात येणे.
६. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून त्यांच्या लहानपणच्या रेडिओच्या आठवणी दहा-बारा ओळींत लिहा.