लेकीकडे जाताना

मुलं परदेशी असलेल्या घरांत विमानप्रवास ही आता चैन राहिलेली नाही. बाळंतपण, मुंज, आजारपण, सगळं विमानानंच गाठावं लागतं. आमचं पुण्यातलं घर त्यातलंच. लेक न्यू जर्सीत, मुलगा बंगळुरूला, दीर नागपुरात. आणि तापत चाललेल्या पृथ्वीची मला मनापासून काळजी आहे. या दोन्ही गोष्टी एका घरात नांदवताना जे उमगत गेलं, ते सांगते.

१. घरातली सगळी काटकसर एका तिकिटापुढे लहान पडते. ओला कचरा जिरवणं, सौरबंब, कापडी पिशव्या हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. विमानाचा हिशेब मी बऱ्याच उशिरा मांडला. विमानाचं एक किलो इंधन जळलं की तीन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन साधारण २५ हजार किलोमीटर होतात आणि साध्या वर्गातल्या एका प्रवाशाच्या वाट्याला दीड ते दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो. सरासरी भारतीय माणसाचा सगळ्या वर्षाचा वाटा दोन टनांच्या आसपास आहे. म्हणजे एका वारीत मी जवळजवळ एका माणसाचं वर्ष खर्च करते. कचरा आजही घरीच जिरतो, पण त्याचं समाधान पूर्वीइतकं वाटत नाही.

२. सगळे प्रवास एका तागडीत घालू नयेत. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात लेक मिळेल त्या विमानानं निघून आली. तेव्हा कुणी टन मोजले नाहीत, आणि मोजूही नयेत. पण जोडून सुट्टी आली म्हणून विमानानं गोवा, चार दिवस मोकळे आहेत म्हणून बाली, यांची गोष्ट वेगळी. तिथे आपली वाट पाहणारं कुणी नसतं. आता तिकीट काढण्याआधी मी एवढंच विचारते, की हा प्रवास माणसासाठी आहे की जागेसाठी? जागेसाठी असेल तर रेल्वेनं जाता येईल अशी जागा शोधते. सह्याद्रीतच इतकं बघायचं राहिलं आहे.

३. लेकीकडे जायचं तर राहायला जायचं. अमेरिकेत भेटीच्या व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. आमच्या आधीच्या पिढीतले लोक बाळंतपणाला जाऊन तसेच राहत. पुढे मुलांच्या रजा आणि आपली इथली कामं सांभाळताना भेटी आखूड झाल्या आणि वारंवार व्हायला लागल्या. आम्ही पुन्हा जुन्या रीतीवर आलो. वर्षाआड जायचं, पण चांगलं चार-पाच महिन्यांसाठी. मधल्या वर्षी लेक इकडे येते, रजेला जोडून काही आठवडे घरून काम करते. सुरुवातीला हा निव्वळ कार्बनचा विचार होता. नात्यात काय बदलेल, याची कल्पनाच नव्हती. दोन आठवड्यांच्या भेटीत झोपेची घडी बसेपर्यंत निम्मे दिवस जायचे, उरलेले फिरण्यात आणि खरेदीत. नातीसाठी मी भेटवस्तू आणणारी पाहुणी होते. आता मी तिला शाळेतून आणते, तिच्यावर रागावते, ती माझ्यावर रुसते. तिचं मराठी त्याच महिन्यांत सुधारलं, मुद्दाम शिकवणी न घेता. उरलेल्या काळात ओढ लागते, हे खरं. व्हिडिओ कॉलनं ती भागत नाही. पण वरचेवर धावतपळत भेटूनही ती भागत नव्हती.

४. कुठल्या खुर्चीत बसतो यानं फरक पडतो. माझे गुडघे दुखतात म्हणून लेक बिझनेस क्लासचं तिकीट काढायला निघाली होती. आडवी होणारी ती खुर्ची कितीतरी जास्त जागा अडवते, त्यामुळे तिच्या वाट्याचं प्रदूषणही साध्या खुर्चीच्या तिप्पट धरतात. मी कडेची खुर्ची मागून घेतली आणि दर तासाला उठून फेऱ्या मारल्या. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी जरूर घ्यावी. थेट विमान मिळालं तर तेही बरं. उड्डाणाला आणि वर चढायला इंधन फार लागतं, मध्ये थांबलं की ते पुन्हा जळतं.

५. देशात रेल्वेचा विचार आधी करावा. नागपूरहून पुण्याला २०२५ पासून वंदे भारत आहे, सकाळी निघालेला माणूस रात्री घरी पोहोचतो. बंगळुरूला उद्यान एक्स्प्रेसनं जातो, जवळपास एक दिवस मोडतो. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, तरीही माणशी हिशेबात रेल्वे विमानापेक्षा फार हलकी पडते. अडचण एकच, आरक्षण. ते आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख लक्षात ठेवावी लागते. ऐनवेळी ठरवणाऱ्यांच्या नशिबी विमानच.

६. झाडं लावून विमानाचा धूर परत घेता येत नाही. तिकिटाबरोबर थोडे पैसे भरा, आम्ही झाडं लावू, असं सांगतात. धूर आज हवेत जातो, झाडाला तो शोषायला काही दशकं लागतात, आणि तोवर ते जगायला हवं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून हिरवं दिसलं, पण इथलं गवत आणि इथली झुडपं मागे हटली, हे आम्ही रोज पाहतो. टेकडीवरच्या देशी झाडांच्या कामाला मी हातभार लावते, पण माझ्या वारीच्या खात्यात ते जमा धरत नाही.

७. तंत्रज्ञान सोडवेल म्हणून थांबता येणार नाही. मे २०२३ मध्ये पुणे ते दिल्ली असं एक प्रवासी विमान पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजनं तयार केलेलं जैवइंधन मिसळून उडालं, याचा मला अभिमान वाटतो. पण ते मिश्रण जेमतेम एक टक्क्याचं होतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आपलं २०३० चं उद्दिष्टही पाच टक्क्यांचंच आहे.

८. किंमत मोजणारे वेगळेच असतात. एका अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगातली फार तर ११ टक्के माणसं विमानात बसली. माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, तेव्हा ज्यांची दुकानं गेली त्यांतल्या कित्येकांनी विमान आतून पाहिलेलंही नसेल. एका पुराचं खापर एकाच कारणावर फोडता येत नाही. पण हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते कुठेतरी कोसळतंच. हे कळल्यापासून मी विमानाला निव्वळ माझा खाजगी खर्च मानत नाही.

९. हे एकट्यानं ठरवून होत नाही. लेकीला अपराधी वाटेल असं बोलून काही साधत नाही, ती आधीच दूर असल्याचं ओझं वाहते आहे. आम्ही सगळे मिळून वर्षाच्या सुरुवातीला ठरवतो, कोण कुणाकडे, कधी आणि किती दिवस. तुमच्याकडेही तिकिटांचा विषय निघेलच. तेव्हा भाड्यासोबत हा हिशेबही सगळ्यांसमोर ठेवा. आणि जी फेरी कुणा माणसासाठी नाही, अशी एक तरी या वर्षी रेल्वेनं करा, नाहीतर सोडून द्या.