अल-खलीलची भट्टी आणि आमच्या ओट्यावरच्या बांगड्या

साल 2019, जानेवारी महिना. अम्मानहून पूल ओलांडून बैतुल मुकद्दस, आणि तेथून अल-खलील, असा आमच्या जियारतच्या काफिल्याचा मार्ग होता. परतताना बस शहराच्या उत्तर टोकाला एका काचेच्या कारखान्यापाशी थांबली. सोबतचे लोक खरेदीला लागले. आम्ही मात्र दोन तास भट्टीसमोरच्या बाकावर बसून राहिलो. आम्ही कापडाचे व्यापारी, काचेशी आमचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, तो पुढे येईलच.

कारखाना एकाच घराण्याचा. वडील सत्तरीचे, दोन मुले भट्टीवर, एक पुतण्या विक्रीला. अल-खलीलमध्ये काचेचा हुनर कित्येक शतकांचा आहे. जुन्या शहरात काच कारागिरांचा आख्खा मोहल्लाच आहे, हारत अल-कज्जाजीन. पूर्वी वाळू आणि मृत समुद्राकडचा खार वितळवून काच करीत. आता रिकाम्या बाटल्या फोडून वितळवतात. कोपऱ्यात हिरव्या, पांढऱ्या, तपकिरी तुकड्यांचे ढीग पाहिले आणि आम्हास थेट आपली जालना एमआयडीसी आठवली. आपल्याकडे भंगार वितळवून सळई निघते, तिथे बाटलीतून दागिना निघतो.

काम असे चालते. लांब पोकळ नळी भट्टीत फिरवून टोकावर काचेचा गोळा घ्यायचा, फुंकर मारायची, लोखंडी पाटावर लोळवायचा, पुन्हा भट्टीत, पुन्हा फुंकर. नळी हातात सतत फिरती पाहिजे. थांबली की गोळा एका बाजूस ओघळतो. चिमट्याने मान काढायची आणि झटका देऊन वस्तू सोडवायची. यानंतरचे काम बघ्यांच्या लक्षात येत नाही. वस्तू बाजूच्या कमी तापाच्या कप्प्यात ठेवून सावकाश निववावी लागते. घाईने बाहेर काढली तर आज चांगली दिसते आणि उद्या कपाटात आपोआप तडकते. रंगाचा हिशोब साधा: गडद निळ्यासाठी कोबाल्ट, फिरोजीसाठी तांबे, जांभळ्यासाठी मँगनीज.

त्या दिवशी मुले लहान लहान गोल गोळे करीत होती, वर काचेचीच कडी. आम्ही विचारले, हे काय? पुतण्या इंग्रजीत म्हणाला, नाताळच्या झाडावर टांगायचे दागिने. बेथलेहेमच्या दुकानांत जातात, परदेशीही जातात. मुसलमान कारागीर, ख्रिस्ती गिऱ्हाईक. आमच्यातले एक गृहस्थ जरा अडखळले. आम्हास काही नवल वाटले नाही. आमच्या जालन्यात नवरीचा हिरवा चुडा कोण भरते? मणियारच ना! संक्रांत, श्रावण, लग्नसराई यांवरच त्यांचे वर्ष निघते. काच फुटली असे तोंडून निघू देत नाहीत, बांगडी ‘वाढवली’ म्हणतात, आणि हा शब्द मणियारांच्या घरातही तसाच पाळतात.

एके काळी अल-खलीलचा मुख्य माल बांगड्या आणि मणी हाच होता. उंटांच्या काफिल्यांवरून तो मिसर आणि पुढे सुदानपर्यंत जाई. आम्ही बांगड्या मागितल्या, तर वृद्ध उस्ताद हसले. आता पेले, तबके, दिवे आणि हे टांगायचे गोळे. गिऱ्हाईक बदलले, भट्टी तीच.

हिशोबाच्या दृष्टीने दोन गोष्टी आम्ही नोंदवून घेतल्या. पहिली, बिघडलेला नग परत भट्टीत जातो. माल बुडत नाही, बुडते ते इंधन आणि मजुरी. कापडात असे नाही. चुकीचा कापलेला तागा पुन्हा विणता येत नाही, तो कटपीसमध्येच जातो. दुसरी, भट्टी रोज विझवून रोज पेटवणे परवडत नाही, म्हणून मागणी असो वा नसो, आगीचा खर्च चालूच. यामुळेच ते घराणे एका गिऱ्हाइकावर विसंबून राहत नाही.

याच शहरात 1961 साली सुरू झालेला हिरबावी घराण्याचा रुमाल विणण्याचा कारखाना आहे. माग जपानी सुझुकीचे. आम्ही सुझुकीला मोटारसायकलवालेच समजत होतो. पण त्या कंपनीचा आरंभच 1909 साली मागांपासून झाला. परदेशी स्वस्त रुमालांनी या कारखान्यास फार ओढाताण करावी लागली. काचवाल्यांनाही हीच स्पर्धा. 2016 साली जागतिक हस्तकला परिषदेने अल-खलीलला हस्तकलेचे शहर म्हणून मान दिला खरा, पण ऑक्टोबर 2023 नंतर यात्रेकरू आटले, आणि बसच्या भरवशावरचा धंदा म्हणजे काय, हे त्या घराण्यांना भोगावे लागले.

आमची फजितीही सांगून टाकतो. सहा पेले घेतले. पुतण्या म्हणाला, खोके आणि गवत यांचे वेगळे पैसे. आम्ही म्हणालो, कापड आमच्याकडे पुष्कळ आहे. टॉवेलात गुंडाळले. जालन्यास दोन पोहोचले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपला जिल्हा या व्यापारास नवा नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. 1973 च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले, त्यात मणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंती बाहुली मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती बाहुली 1938 साली इटलीत पाँपेई येथे सापडली होती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी दागिन्याचा माल सातासमुद्रापार जात होता. ‘मणियार’ या शब्दात तो मणी अजून आहे.

आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक मणियार खाला तीस वर्षांपासून बसतात. माल फिरोजाबादचा. तिकडे कारखान्यात काचेचा लांब पिळा निघतो, तो कापला जातो, आणि सांधणे व सरळ करणे ही कामे घरोघर चालतात. खालांचा मुलगा धंदा बंद करा म्हणतो, कारण प्लॅस्टिक आणि धातूच्या बांगड्यांनी काच मागे पडली. आमच्या मुलांनाही तो ओटा शोकेससाठी हवा होता. जियारतला निघताना सुताराला सांगूनही ठेवले होते. खालांना मात्र सांगितले नव्हते, याची आम्हास शरम वाटते.

परत आल्यावर सुताराला थांबवले. खाला म्हणाल्या, “भाईजान, ओटा तुमचा आहे, साफ सांगायचे होते.” आम्ही म्हणालो, सांगतो तर ऐका. शोकेस डावीकडे होईल. तुम्ही उजवीकडे बसा, पण नुसत्या हिरव्या-लाल नको. आमच्या साड्यांचे रंग पाहून माल मागवा. तेव्हापासून साडी घेतलेली बाई काठ हातात धरून ओट्यावर जाते, रंग जुळवते. कधी उलटही होते, बांगडी आधी आवडते आणि मग साडी आत येऊन पाहतात. भाडे आम्ही पूर्वीही घेत नव्हतो, आताही घेत नाही. मुलाने मात्र अजून धंद्यात हात घातलेला नाही. सणाच्या आठवड्यात तेवढा येऊन बसतो.