दोन्ही हात खोबळ्यात असताना

डोळ्यांवर घसरलेला फेटा वर करायला एक हात मोकळा लागतो. माझ्या पथकातल्या एका मुलाचे दोन्ही हात दांडपट्ट्यांच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या आवरणात, कोपरापर्यंत अडकले होते. हे मला दिसलं तेव्हा मी बाजूला ढोलाजवळ उभा होतो आणि त्याचं तिसरं चक्र सुरू झालं होतं.

ही गेल्या वर्षीच्या शिवजयंतीची गोष्ट. मंडळाचं नाव घेत नाही, रत्नागिरीत ज्यांना कळायचं त्यांना कळेल. प्रसंग घोडखिंडीचा (आजची पावनखिंड) ठरला होता आणि बाजीप्रभू होता तो मुलगा. माझी मुलं चार महिने भाट्याच्या वाळूत घाम गाळत होती. त्यातले चौघं तर दोनदा जुलैच्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालून आले होते. चिखलात भिजलेलं कापड अंगाला कसं चिकटतं, ओला शेला किती जड होतो, हे त्यांना पुस्तकातून सांगावं लागत नव्हतं. म्हणून आम्ही सुती, मळखाऊ रंगाचे कपडे शिवून घेतले होते. गुडघ्यापर्यंतचा चोळणा, बाराबंदी, डोईला मुंडासं. १२ जुलै १६६० च्या रात्री पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराजांसोबत निघून पावसातून धावत आलेली माणसं दुसऱ्या दिवशी खिंडीत कशी दिसत असतील, याचा विचार करून.

मंडळाच्या कार्याध्यक्षांना ते पटलं नाही. "सर, लांबून काही दिसणार नाही. ड्रेपरी आम्ही मागवतो, झगमगीत." मी म्हटलं, मागवा, पण तीन दिवस आधी द्या, मुलांना घालून सराव करू दे. त्यावर उत्तर आलं, "कपड्यांचं काय एवढं घेऊन बसलात? पट्टा नीट फिरवा म्हणजे झालं." कपडे तीन दिवस आधी द्या, असं मी तीनदा मागितलं. तिन्ही वेळा दोन साक्षीदार होते. नंतर जे बोललं गेलं त्यासाठी हे सांगून ठेवतो.

ड्रेपरी आली कार्यक्रमाच्या तासभर आधी. सॅटिनचे अंगरखे, पुठ्ठ्याच्या कड्यावर चिकटवलेले तयार फेटे, सगळे एकाच मापाचे, आणि सोनेरी फायबरच्या ढाली. त्याच वेळी मी 'नाही' म्हणायला हवं होतं. रस्त्यावर गर्दी जमली होती, पोरं उत्साहात होती, मी गप्प बसलो. ही माझी चूक, आणि ती मी मान्य करतो. बाकीच्या नाही.

तिसऱ्या चक्रात कडं भुवयांखाली उतरलं. घामाने सॅटिन ओलं झालं की ते पकडत नाही, सरकतं. मुलाने मान मागे टाकून फेट्याखालून बघायचा प्रयत्न केला. मान मागे गेली की छाती उघडते, मागच्या पायावर भार जातो, पवित्रा मोडतो आणि अंतराचा अंदाज सुटतो. समोर पाठलाग करणाऱ्या सिद्दी मसूदच्या बाजूने उभी असलेली माझी विद्यार्थिनी दहावीतली. तिने पट्टा बरोबर ढालीवर घेतला, आणि ढालीची मूठ निखळून तिच्या हातात आली. पट्ट्याला धार नव्हती, तरी पात्याच्या कडेने तिचा दंड फाटला. पाच टाके पडले.

मुलाला रक्त दिसलं नाही, पण आवाजावरून काहीतरी चुकलंय हे कळलं. तो जागच्या जागी गुडघ्यावर बसला आणि दोन्ही पट्टे जमिनीला टेकवले. दिसेनासं झालं की हेच करायचं, असं मी शिकवलं होतं. लोकांना वाटलं बाजीप्रभू पडले. टाळ्या झाल्या. माईकवरून कार्याध्यक्ष ओरडले, "पडला आपला बाजी!" ती मुलगी दंड दाबून उभी होती आणि हा माणूस टाळ्या वाजवा म्हणून सांगत होता. ते अजून माझ्या कानातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मानधन अर्धं कापलं. कारण काय, तर "तुमची मुलं कच्ची होती." दवाखान्यात मंडळाचं कोणीही आलं नाही.

आता जे माझ्यासारखी पथकं चालवतात त्यांच्यासाठी. सरावाला जे घातलं नाही ते खेळात घालायचं नाही. अंगरखा, वहाण, शेला, चिकटवलेली दाढी, काहीही. शेल्याची टोकं मोकळी सोडू नका, कमरेत आत खोचा. गुडघ्याखाली लोंबणारं कापड गालिच्यावर पायात येतं. तयार फेटा तर नकोच. सुती कापड थोडं ओलसर करून डोक्यावर बांधा, खाली रुमाल घ्या, आणि बांधल्यावर मुलाला दहा उड्या मारायला लावा. हलला तर सोडून पुन्हा बांधा. दोन पट्टे चालवणाऱ्याचा फेटा गुरूने स्वतः तपासावा, कारण एकदा हात खोबळ्यात गेले की त्याचं कपाळ त्याचं राहत नाही. खोबळा सैल असेल तर आत कापड गुंडाळा. ढालीची मूठ दोन्ही हातांनी ओढून बघा. पोलिसांची परवानगी घ्या, प्रथमोपचाराची पेटी ठेवा, मुलांना पाणी पाजा, हे सगळे सांगतातच.

दिसण्याबद्दल मंडळांशी वाद होणारच. तेव्हा त्यांना सांगा की आज आपण महाराजांचं म्हणून जे चित्र ओळखतो, ते इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी १९३३ साली शोधून पुढे आणलं. त्याआधी भलत्याच माणसाचं चित्र लोक महाराजांचं म्हणून पूजत होते. दिसणं ही शोधून, तपासून घ्यायची गोष्ट आहे. आणि शिवा काशीद? महाराज वेढ्यातून निघाले त्याच रात्री तो त्यांच्या वेषात पालखीत बसला, पकडला गेला, आणि परंपरा सांगते की ओळख पटेपर्यंत त्याने शत्रूचा वेळ खाल्ला. नुसत्या जिरेटोपाने हे झालं नसणार. बसणं, बघणं, न डगमगणं, हे सगळं त्याने अंगावर चढवलं असणार. आमची पोरं मात्र वार झाला की हसतात, प्रेक्षकांतल्या मित्राच्या मोबाईलकडे बघतात, मेलेला माणूस खाज आली म्हणून हात हलवतो. त्यावर मी आता लाठीच्या हातांइतकाच वेळ घालतो. समोरच्याच्या पात्याकडे नाही, खांद्याकडे बघायचं. पडलं की सलामीपर्यंत पडून राहायचं. शस्त्र उचलण्याआधी जमिनीला हात लावायचा, तो दाखवण्यापुरता नाही.

२०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला. भाषणं खूप झाली. त्या मानाचा काही भाग ते शस्त्र हाती धरणाऱ्या मुलांच्या अंगावरच्या कापडापर्यंत पोचावा, एवढंच माझं मागणं आहे.

मुलगी बरी आहे. दोन महिन्यांनी ती वाळूत परत आली तेव्हा तिच्या आईने मला एकच विचारलं, "सर, तुम्ही बघताय ना?" आता त्या मुलाचा फेटा तीच बांधते. घट्ट बांधते, कधीकधी तो ओरडतो.

यंदा जानेवारीत त्याच कार्याध्यक्षांचा फोन आला. मी दोन गोष्टी सांगितल्या : कपडे आमचे, आणि गेल्या वर्षीचं राहिलेलं अर्धं मानधन आधी. ते त्या मुलीच्या घरी जाईल. "कळवतो," म्हणाले. अजून कळवलेलं नाही.