दिनविशेष : मार्च महिन्याचा एक पाठ

निवासी शाळेतील सकाळचा परिपाठ माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेलच. वंदना झाली, सुविचार झाला की एक विद्यार्थी पुढे येऊन फळ्यावरील दिनविशेष वाचतो आणि रांगेत परततो. तारीख पाठ होते, वक्तृत्व स्पर्धेत उपयोगीही पडते. परंतु ती तारीख उगवण्यास किती वर्षे लागली आणि तिच्या दुसऱ्या दिवशी काय घडले, हे मात्र राहून जाते. मार्च हा तर परीक्षेचा महिना. त्या गडबडीत त्याचे दिनविशेष घाईनेच उरकले जातात. म्हणून हा पाठ मार्चचा.

२, १०, १७, २०, २१ आणि २२ मार्च. दिनदर्शिकेच्या या क्रमाने घटना वाचल्या, तर त्या सुट्या मण्यांसारख्या वाटतात. त्याच घटना वर्षांच्या क्रमाने लावून पाहू.

१० मार्च १८९७ : पुण्यात प्लेगची साथ असताना सावित्रीबाई फुले यांनी आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेले. त्याच रोगाची लागण होऊन या दिवशी त्यांचे निधन झाले. मुलींना शिकविण्याचे कार्य हाती घेतल्याला तेव्हा जवळजवळ अर्धशतक लोटले होते.

२१ व २२ मार्च १९२० : आजच्या हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे अस्पृश्य समाजाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. वय अवघे २८ वर्षे. ‘मूकनायक’ सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि त्या पत्रास राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. महाराज स्वतः परिषदेस आले आणि तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. सत्ताधीशाने समाजाला स्वतःचे नेतृत्व ओळखावयास सांगणे ही दुर्मीळ गोष्ट होय. मात्र तिची पूर्वतयारी कोल्हापुरात आधीच चालू होती : १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. माणगावच्या मंडपाचे खांब या वसतिगृहांत आणि शाळांत रोवलेले होते. परिषदेनंतर दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, महाराज निवर्तले.

२० मार्च १९२७ : महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजीच संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे तळे खुले केले होते. म्हणजे हक्क कागदावर होता, ओंजळीत नव्हता. तो ओंजळीत घेतल्याबरोबर त्याच दिवशी परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण झाली. नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

२ मार्च १९३० : नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षे त्यात झटले. मंदिराचे दार मात्र त्या लढ्यात उघडले नाही. दिनविशेषात यशाच्याच तारखा याव्यात, असे नाही.

१७ मार्च १९३७ : चवदार तळ्याच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. पाणी प्यायल्याच्या घटनेस दहा वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा तीनच दिवस उरले होते. दिनदर्शिकेत १७ आणि २० या तारखा शेजारी आहेत. इतिहासात त्यांच्यामध्ये दहा वर्षांची कोर्टकचेरी, खर्च आणि चिकाटी आहे.

इतिहासाचा अभ्यास म्हणजे ही मधली वर्षे मोजणे होय. विद्यार्थ्यांनी प्रत्येक दिनविशेषाला तीन प्रश्न विचारावेत : या दिवसाआधी कोणी काय सोसले? हा दिवस कोणी घडविला? दुसऱ्या दिवशी कोणावर काय गुदरले?

पालक व माजी विद्यार्थ्यांसाठीही एक स्वाध्याय आहे. आपल्या घरातून शाळेची पायरी प्रथम कोण चढले? वसतिगृहात पहिली पेटी कोणाची आली? ती तारीख बहुधा कोणी लिहून ठेवलेली नाही. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर ती विचारून घ्यावी, वहीत लिहावी आणि आपल्या मुलाला परिपाठात सांगू द्यावी. माणगाव आणि महाड ज्यांच्यासाठी घडले, त्यांचे दिनविशेष अजून फळ्यावर यावयाचे आहेत.