पाऊस, घरटी आणि नर-मादीचे प्रमाण

मृगाच्या सरींनी ओढ्याकाठचे गवत वाढले, की आपल्या बीड जिल्ह्यात विहिरींवर वाकलेल्या बाभळींना सुगरणीची घरटी लोंबू लागतात. नाव सुगरण असले तरी विणकर नर असतो. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळील किहीम येथे या पक्ष्यांचा संसार बारकाईने न्याहाळला. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पारखून स्वीकारते, आणि मग तो काम पुरे करून दुसऱ्या घरट्याकडे वळतो. त्यामुळे एका नराला एकाच हंगामात अनेक माद्या लाभतात. एखाद्याला एकही लाभत नाही.

मग मातेने मुलगे अधिक द्यावेत की मुली? त्याच १९३० साली रोनाल्ड फिशर यांनी दाखविले, की जे लिंग कमी असेल त्याला जोडीदार सहज मिळतो, म्हणून प्रमाण पुन्हा समतोलाकडे येते. पुढे १९७३ मध्ये ट्रायव्हर्स व विलार्ड यांनी एक पुस्ती जोडली: माता सुस्थितीत असेल तर सबळ पुत्र लाभाचा, हलाखीत असेल तर कन्या अधिक भरवशाची. त्यांचा विचार सस्तन प्राण्यांविषयी होता. पक्ष्यांत तो पुढे तपासला गेला.

पक्ष्यांमध्ये पिल्लाचे लिंग मातेच्या अंड्याने ठरते, कारण दोन भिन्न लिंग-गुणसूत्रे मादीत असतात. माणसात नेमके उलट आहे. तेथे ते पित्याकडून ठरते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांना हे शाळेतल्या पाठाइतके सोपे विज्ञान आम्ही पुन्हा सांगू इच्छितो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८०७ होत्या. दुष्काळाने किंवा ऋतुमानाने हा आकडा घडलेला नाही. पक्ष्यांत पारडे झुकते ते अंडे तयार होताना.

ते किती झुकू शकते, हे सेशेल्समधील कझिन बेटावरील वटवट्या पक्ष्याने दाखविले. तेथे लेकी घरी थांबून धाकट्या भावंडांना भरवितात. कीटक विपुल असतील तेथे ही मदत उपयोगी, तुटवडा असेल तेथे ते खाणारे जादा तोंड. यान कोमडर यांच्या १९९७ च्या अभ्यासात गरीब क्षेत्रांत ७७ टक्के पिल्ले नर होती, समृद्ध क्षेत्रांत केवळ १३ टक्के. सुबत्तेत मुली, टंचाईत मुलगे: वरील नियमाच्या अगदी उलट! नियम जातीच्या राहणीप्रमाणे पालटतो, हेच आम्हाला यातील खरे शिक्षण वाटते.

हंगामाचेही तसेच. हिवाळ्यात आपल्या माळरानांवर दिसणारा खरुची हा गायक पक्षी नव्हे, पण नेदरलँड्समध्ये त्याच्या लवकरच्या विणीत नर अधिक आढळले. लवकर जन्मलेला नर पुढच्याच वर्षी जोडी जमवू शकतो.

आपल्याकडे विणीची वेळ पावसाच्या हाती आहे. जून कोरडा गेला की विणायला लांब, ओली पाती मिळत नाहीत आणि सारे लांबते. घरट्यातील पिल्लू पाहून नर-मादी कळत नाही. त्यासाठी रक्ताच्या थेंबाची डीएनए चाचणी लागते. मात्र पहिला पाऊस, पहिले घरटे आणि पहिले उडालेले पिल्लू यांच्या तारखा कोणत्याही गावातील विद्यार्थ्याला वहीत उतरवता येतील.