थंडीत न धरणारे इंजिन

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास माधवनगरच्या परिसरात एकीकडे सांगलीच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रेलरांची रीघ लागलेली असते आणि दुसरीकडे तासगावच्या वाटेवरील द्राक्षबागांत भुरीच्या धास्तीने भल्या पहाटे फवारणीची लगबग चाललेली असते. नेमक्या याच हंगामात ट्रॅक्टर धरत नाही ही तक्रार शिवारोशिवारी ऐकू येते आणि तिचे खापर सरसकट थंडीवर फोडले जाते. वास्तविक डिझेल गोठावे इतका गारठा कृष्णाकाठी पडत नाही. उन्हाळ्यात झाकून राहिलेला दोष थंडी केवळ उघडकीस आणते, आणि तो कोणता, याची जबानी इंजिन स्वतःच आवाजाने व धुराने देत असते.

किल्ली फिरविताच नुसते कटकट वाजले किंवा सेल्फ जड फिरला, तर प्रथम बॅटरी पाहावी. गारठ्यात तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी दाट झालेले ऑइल इंजिनास जखडते. रात्रभर विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, १२.४ च्या खाली असल्यास चार्जिंगची तजवीज करावी. पुष्कळदा मात्र बॅटरी निर्दोष असून टर्मिनलवर साचलेली पांढरट पूडच वीज अडवून धरते; अशा वेळी आधी ऋण बाजूची व मग दुसरी तार सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टर्मिनले पुसून कोरडी करावीत, तारा घट्ट आवळाव्यात व वर ग्रीस लावावे.

सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन धरत नसेल तर सायलेन्सरकडे नजर वळवावी. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचते, परंतु पेटत नाही; दाबलेल्या हवेच्या ज्या उष्णतेने ते पेटावयाचे, तीच थंड सिलिंडर शोषून घेतो, म्हणून हीटर असल्यास त्यास अवधी द्यावा आणि क्लच दाबूनच सेल्फ मारावा, तोही एका दमात दहा सेकंदांहून अधिक नव्हे. धूर मुळीच नसेल तर बहुधा फिल्टर चोंदला आहे किंवा नळीत हवा शिरली आहे: फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारीत राहावे आणि फेस संपून डिझेलची अखंड धार लागली की तो आवळावा.

ऑइल चेंबरखाली पाचट पेटविण्याचा इलाज आमच्या ऊसपट्ट्यात अद्याप कोठे कोठे चालतो, तो तत्काळ बंद करावा. तेलाने माखलेल्या यंत्राखाली जाळ करणे हे धाडसही नव्हे. ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवण्याची रीत त्यामानाने समजण्याजोगी, पण ट्रेलर जोडलेला असता तीही नको. त्यापेक्षा सायंकाळी काम आटोपताच टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत रात्री पाणी धरत नाही.