शुश्रूषा

घरातील वृद्ध किंवा आजारी माणसाला आंघोळ घालणे, त्याचे कपडे बदलणे, जखमा पुसणे ही कामे आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येतात. करणाऱ्याला त्यात श्रम पडतात. परंतु करवून घेणाऱ्याला वाटणारा संकोच त्याहून जड असतो.

परचुरे शास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. १९३२ साली ते येरवड्याच्या तुरुंगात होते. गांधीजीही तेव्हा तेथेच होते. शास्त्रीबुवांना कुष्ठरोग झाल्यामुळे त्यांना वेगळे ठेवले होते. भेट होईना, म्हणून दोघांमध्ये पत्रव्यवहार चाले. पुढे १९३९ च्या सुमारास शास्त्रीबुवा सेवाग्रामच्या आश्रमात आले. या रोगावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते आणि असा रोगी समाजाने टाकलेलाच असे. आश्रमात इतरही माणसे राहत होती. त्यांच्या जिवाची जबाबदारी गांधीजींवर होती. तरीही त्यांनी शास्त्रीबुवांना ठेवून घेतले. आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी उभारली आणि देशाच्या कामाच्या धबडग्यातून वेळ काढून ते स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश करीत. या सेवेचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ती झोपडी आज 'परचुरे कुटी' म्हणून ओळखली जाते. तिला नाव मिळाले ते माणसाचे; रोगाचे नव्हे.

पुढे शास्त्रीबुवा वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे राहिले. तेथे मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठसेवेचे काम आरंभले होते. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. १९८० नंतरच्या बहुविध औषधोपचाराचे हे फळ आहे.

आपल्या घरी मालिश करावयाची असो वा अंग पुसावयाचे असो, हात लावण्यापूर्वी "आता पाठ पुसू का?" असे विचारावे. अंगावर चादर असू द्यावी आणि जेवढा भाग पुसावयाचा तेवढाच उघडा करावा. दिल्लीसारख्या महानगरात एका खोलीत चार माणसे राहतात. तेथे दोरीवर टाकलेली जुनी साडीसुद्धा आडोशाला पुरते. तोंड धुणे, केस विंचरणे, सदऱ्याची एखादी गुंडी लावणे हे ज्याला जमते त्याला ते करू द्यावे, वेळ लागला तरी. घाईत आपणच उरकून टाकण्याचा मोह होतो, आणि तेथेच चूक होते. वडिलांना लहान मुलासारखे बोलू नये. ते ज्या विषयात रमतात, मग तो शेतीचा असो वा क्रिकेटचा, तो विषय काढावा. बोलता बोलता पाणी कोमट आहे ना, हे मात्र आपल्या मनगटावर पाहून घ्यावे.

शब्दार्थ : शुश्रूषा – रोग्याची सेवा; व्यासंगी – सतत अभ्यास करणारा; धबडगा – कामाची धांदल; गुंडी – बटण.

विचार करा : आजारपणात तुमची सेवा कोणी केली होती का? त्या वेळी कोणती गोष्ट तुम्हांला बरी वाटली आणि कोणती खटकली, ते आठ-दहा ओळींत लिहा.